दोन देशांकडून खेळलेला जॉन ट्रायकॉस
(इयत्ता ४ थी)



या वेळी गुरुजींनी विषय दिला होता 'मला आवडलेला खेळाडू'. वर्गातल्या सात जणांनी सचिनवर लिहिले आहे आणि पाच जणांनी धोनीवर. मी ज्याच्यावर लिहिते आहे त्याचे नाव तुम्ही बहुतेक ऐकले नसेल. त्याचे नाव जॉन ट्रायकॉस. तो फिरकी गोलंदाज होता. आपण सचिनला 'तो' म्हणतो, तसे मी ट्रायकॉसलाही 'तो' म्हणणार आहे. त्यात अनादर नाही.

हे नाव मला काकांमुळे कळले. काका नेहमी कपिलदेवच्या १७५ धावांची गोष्ट सांगतात. १९८३ सालच्या विश्वचषकात १८ जूनला इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्स या गावी भारत आणि झिंबाब्वे यांचा सामना होता. भारताचे ५ गडी फक्त १७ धावांत बाद झाले. आपला गावसकर तर शून्यावर गेला. मग कपिलदेव उभा राहिला आणि त्याने नाबाद १७५ धावा केल्या. भारताच्या २६६ झाल्या. झिंबाब्वेचा डाव २३५ वर संपला आणि भारत ३१ धावांनी जिंकला. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मी काकांना विचारले, "शेवटचा गडी कोण बाद झाला?" काका म्हणाले, "होता कुणीतरी ट्रायकॉस. कपिलनेच त्याचा झेल घेतला, आपल्याच गोलंदाजीवर."

त्या 'कुणीतरी'ची माहिती मी गुरुजींना विचारली. गुरुजींनी शोधून दिली आणि मी ती वहीत उतरून घेतली. तेव्हा कळले की हा ट्रायकॉस दोन देशांकडून कसोटी सामने खेळला आहे. आधी दक्षिण आफ्रिकेकडून आणि नंतर झिंबाब्वेकडून. मला वाटले, असे कसे? माणसाचा देश एकच असतो ना? मग हा दोन देशांचा कसा झाला? तेच मी आज समजावून सांगणार आहे.

ट्रायकॉसचा जन्म १७ मे १९४७ रोजी इजिप्त देशात झागाझिग नावाच्या गावी झाला. हे गाव नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. तिथे कापूस पिकतो. त्याचे घराणे मूळचे ग्रीक. म्हणजे घराणे एका देशाचे आणि जन्म दुसऱ्या देशात. पुढे तो लहान असतानाच त्याच्या घरचे लोक आफ्रिकेच्या दक्षिण भागात ऱ्होडेशिया येथे राहायला गेले. तिथे तो मोठा झाला आणि तिथेच क्रिकेट शिकला.

आता नकाशा बघा. आपल्या वर्गात कपाटाच्या बाजूला जगाचा नकाशा टांगला आहे. त्यात ऱ्होडेशिया शोधाल तर सापडणार नाही. मी पण खूप शोधले. कारण ऱ्होडेशिया हे जुने नाव आहे. तोच देश आता झिंबाब्वे म्हणून ओळखला जातो. तो दक्षिण आफ्रिकेच्या अगदी डोक्यावर आहे. मधे लिंपोपो नावाची नदी आहे.

त्या काळी ऱ्होडेशियाचा वेगळा कसोटी संघ नव्हता. ऱ्होडेशियाचा संघ दक्षिण आफ्रिकेतल्या करी चषक स्पर्धेत खेळायचा. जसे आपले मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ हे संघ रणजी करंडकात खेळतात, तसे. म्हणून ऱ्होडेशियात राहणारा एखादा चांगला खेळाडू असला तर त्याची निवड दक्षिण आफ्रिकेच्या संघात व्हायची. ट्रायकॉसची तशीच निवड झाली.

१९७० सालची गोष्ट. ऑस्ट्रेलियाचा संघ दक्षिण आफ्रिकेत आला होता. त्याआधी तो आपल्या भारतात ५ कसोटी खेळून गेला होता. फेब्रुवारी महिन्यात दरबान गावी ट्रायकॉसने पहिली कसोटी खेळली. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. त्या सामन्यात ग्रॅमी पोलॉकने २७४ आणि बॅरी रिचर्ड्सने १४० धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेने चारही कसोट्या जिंकल्या. ट्रायकॉस त्यांतल्या ३ खेळला आणि त्याला ४ बळी मिळाले. चार म्हणजे काही फार नाहीत. पण संघ जोरात होता, वय लहान होते. पुढे खूप खेळायला मिळेल असे त्याला नक्की वाटले असणार.

१० मार्च १९७० ला ती मालिका संपली. आणि तिथेच सगळे थांबले.

का थांबले, ते नीट समजून घ्या. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा गोऱ्या लोकांचे सरकार होते. त्यांनी कातडीच्या रंगावरून कायदे केले होते. काळ्या माणसांनी वेगळ्या वस्तीत राहायचे, वेगळ्या शाळेत शिकायचे, वेगळ्या बाकावर बसायचे. देशाच्या क्रिकेट संघातही फक्त गोरेच. याला वर्णभेद म्हणतात. गांधीजींना १८९३ साली आगगाडीच्या डब्यातून खाली उतरवले ते याच मुलखात. आपल्याकडेही पाण्याला हात लावू देत नव्हते म्हणून बाबासाहेबांना १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. तशीच ही गोष्ट, फक्त तिकडे रंगावरून.

दक्षिण आफ्रिकेतच जन्मलेला बेसिल डॉलिव्हेरा नावाचा एक फार चांगला फलंदाज होता. तो गोरा नव्हता. म्हणून त्याला स्वतःच्या देशाच्या संघात जागाच नव्हती. तो इंग्लंडला गेला आणि इंग्लंडकडून खेळू लागला. १९६८ साली इंग्लंडच्या संघात त्याची निवड झाली आणि तो संघ दक्षिण आफ्रिकेला जाणार होता. दक्षिण आफ्रिकेचे सरकार म्हणाले, हा माणूस असेल तर आम्हाला तो संघ नको. मग इंग्लंडने दौराच रद्द केला. त्यानंतर इतर देशांनीही ठरवले की जिथे माणसाचा रंग बघून संघ काढतात, त्यांच्याशी खेळायचे नाही. १९७० नंतर दक्षिण आफ्रिकेला एकही कसोटी मिळाली नाही. ही बंदी २० वर्षांहून जास्त चालली.

मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, पण त्यात ट्रायकॉसची काय चूक? त्याचे खेळायचे दिवस तर फुकट गेले." गुरुजींनी उत्तर दिले नाही. ते म्हणाले, "तूच विचार कर आणि लिही." मी दोन दिवस विचार केला. मला असे वाटते की बंदी योग्यच होती. ट्रायकॉसला वाट बघावी लागली हे खरे. पण ज्या काळ्या मुलांच्या हातात कधी फळी दिलीच नाही, त्यांची नावे तर कुठल्या वहीतही नाहीत. त्यांचे दिवस जास्त फुकट गेले. ज्या खेळात अर्ध्याहून जास्त लोकांना रांगेतच उभे राहू देत नाहीत, तो खेळ कसला?

इकडे ऱ्होडेशियातही गोऱ्यांचेच राज्य होते. तिथे काळ्या लोकांनी लढा दिला. शेवटी १८ एप्रिल १९८० रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्याचे नाव झिंबाब्वे पडले. राजधानीचे नाव सॅलिसबरी होते, ते १९८२ साली हरारे झाले. आता झिंबाब्वेचा स्वतःचा क्रिकेट संघ तयार झाला.

आता लक्षात आले का? ट्रायकॉस कुणाला सोडून पळून गेला नाही. तो जिथे होता तिथेच होता. त्याच्या भोवती देशच बदलला, नाव बदलले, झेंडा बदलला.

हे मला आजीमुळे चांगले समजले. आपली वाडी आधी मोठ्या गावच्या ग्रामपंचायतीत होती. तेव्हा आमचे आजोबा यात्रेत मोठ्या गावाकडून कबड्डी खेळायचे. मग वाडीची ग्रामपंचायत वेगळी झाली. पुढच्या यात्रेत आजोबा वाडीकडून खेळले. आजी सांगते, "लोक म्हणायचे, हा दोन्हीकडून खेळला, हा कुणाचाच न्हाई. पण त्यांनी घर कुठं बदललं? चूल तीच, अंगण तेच. शीव नवी पडली त्याला त्यांनी काय करावं?" आजी शाळेत गेलेली नाही, पण ट्रायकॉसची गोष्ट सांगितल्यावर तिला लगेच कळली.

तर झिंबाब्वेचा संघ कसा वर आला ते ऐका. विश्वचषकात खेळायचे तर आधी लहान देशांची आयसीसी करंडक स्पर्धा जिंकावी लागे. झिंबाब्वेने ती १९८२, १९८६ आणि १९९० अशी तीन वेळा जिंकली. १९८३ च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात त्यांनी बलाढ्य ऑस्ट्रेलियाला १३ धावांनी हरवले. सगळे बघतच राहिले. झिंबाब्वेचे बहुतेक खेळाडू नोकरीधंदा सांभाळून खेळणारे होते. त्याच विश्वचषकात कपिलच्या १७५ धावांचा सामना झाला. त्या सामन्यात ट्रायकॉसने रॉजर बिन्नीला पायचीत केले होते. तेव्हा ट्रायकॉस ३६ वर्षांचा होता.

१९८७ चा विश्वचषक भारत आणि पाकिस्तानात झाला. त्या वेळी झिंबाब्वेचा कप्तान ट्रायकॉसच होता. म्हणजे तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन खेळून गेला आहे. १७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताने झिंबाब्वेला १३५ धावांत गुंडाळले आणि सामना ८ गडी राखून जिंकला. हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध डेव्ह हॉटनने १४२ धावा काढल्या, तरी झिंबाब्वे फक्त ३ धावांनी हरले. त्या विश्वचषकात झिंबाब्वेने सहाच्या सहा सामने गमावले. कप्तानाला किती वाईट वाटले असेल! आपण केंद्राच्या खो-खो स्पर्धेत एक सामना हरलो तर चार दिवस कुणी धड जेवले नाही.

पण ट्रायकॉस थांबला नाही. १९९२ च्या विश्वचषकातही तो होता. त्यात झिंबाब्वेने ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बरी गावी इंग्लंडला ९ धावांनी हरवले. झिंबाब्वेच्या धावा होत्या फक्त १३४! त्याच वर्षी झिंबाब्वेला कसोटी खेळायचा मान मिळाला.

आता सगळ्यात भारी गोष्ट. झिंबाब्वेची पहिलीवहिली कसोटी कुणाबरोबर झाली माहीत आहे का? आपल्या भारताबरोबर! १८ ऑक्टोबर १९९२ पासून हरारे येथे. ट्रायकॉस तेव्हा ४५ वर्षांचा होता. आमच्या बाबांपेक्षा मोठा. आधीची कसोटी संपली १० मार्च १९७० ला आणि पुढची सुरू झाली १८ ऑक्टोबर १९९२ ला. मी महिने मोजून हिशेब केला. २२ वर्षे आणि २२२ दिवस! दोन कसोट्यांच्या मध्ये एवढा खंड दुसऱ्या कोणत्याही खेळाडूचा पडलेला नाही. हा विक्रम आहे. मी १० वर्षांची आहे. म्हणजे माझे सगळे आयुष्य दोनदा जगायचे आणि वर अडीच वर्षे, एवढा काळ.

झिंबाब्वेने पहिल्या डावात ४५६ धावा केल्या. कप्तान हॉटनने १२१ काढल्या. मग भारताचा डाव आला आणि ट्रायकॉसच्या हातात चेंडू आला. समोर होता आपला सचिन तेंडुलकर, वय १९. ट्रायकॉस पहिली कसोटी खेळला तेव्हा सचिनचा जन्मही झाला नव्हता! आणि त्याने सचिनला शून्यावर बाद केले. स्वतःच चेंडू टाकला, स्वतःच झेल घेतला. कप्तान अझरुद्दीनलाही त्यानेच घालवले. त्या डावात त्याने ५० षटके टाकली आणि ८६ धावांत ५ बळी घेतले. पन्नास षटके म्हणजे तीनशे चेंडू. ४५ व्या वर्षी!

ज्यांनी सचिनवर लिहिले आहे त्यांनी माझ्यावर रागावू नये. सचिन मलाही आवडतो. आणि भारताची लाजही राखली गेली. संजय मांजरेकरने अगदी सावकाश खेळत १०४ धावा केल्या, कपिलदेवने ६० केल्या, आणि भारताच्या ३०७ झाल्या. सामना अनिर्णित राहिला. पहिल्याच कसोटीत न हरणे ही मोठी गोष्ट आहे. १८७७ साली ऑस्ट्रेलियाने पहिली कसोटी जिंकली, त्यानंतर कोणत्याही देशाला आपल्या पहिल्या कसोटीत पराभव टाळता आला नव्हता. तो झिंबाब्वेने टाळला.

ट्रायकॉस शेवटची कसोटी मार्च १९९३ मध्ये दिल्लीत भारताविरुद्धच खेळला. त्यात मुंबईच्या विनोद कांबळीने २२७ धावा ठोकल्या आणि भारत एका डावाने जिंकला. ट्रायकॉसच्या एकूण कसोट्या ७ आणि बळी १८. तीन कसोट्या दक्षिण आफ्रिकेकडून आणि चार झिंबाब्वेकडून. आकडे लहानच आहेत. पण तरुणपणी ३ कसोट्यांत ४ बळी आणि पंचेचाळिशीत ४ कसोट्यांत १४ बळी, हे बघा.

त्याची गोलंदाजी कशी होती तेही सांगते. तो ऑफस्पिन टाकायचा. म्हणजे उजव्या हाताने बोटांनी चेंडू फिरवायचा. उजव्या हाताने खेळणाऱ्याला तो चेंडू उजवीकडून आत येतो. त्याचा चेंडू फार वळायचा नाही, पण टप्पा चुकायचा नाही. फलंदाजाला मारायला जागाच द्यायचा नाही. आणि गलीत उभा राहून तो सुंदर झेल घ्यायचा. मी अंगणात खडूने रेघ मारून तिच्यावर टप्पा टाकायचा सराव करते. दहातले चार चेंडू रेघेवर पडतात.

दोन देशांकडून खेळणारा तो एकटाच नाही. आणखी तिघांची नावे सांगते, कारण प्रत्येकाचे कारण वेगळे आहे.

पतौडीचे थोरले नवाब इफ्तिखार अली खान इंग्लंडमध्ये शिकायला गेले आणि १९३२ साली इंग्लंडकडून खेळले. पहिल्याच कसोटीत त्यांनी शतक केले. नंतर १९४६ साली ते भारताचे कप्तान झाले.

अब्दुल हफीझ कारदार १९४६ साली भारताकडून खेळले. १९४७ साली फाळणी झाली. त्यांचे लाहोर पाकिस्तानात गेले. १९५२ साली पाकिस्तानचा संघ पहिली कसोटी खेळायला दिल्लीला आला, तेव्हा त्याचे कप्तान कारदार होते.

केप्लर वेसल्स दक्षिण आफ्रिकेचा. तिथे बंदी होती म्हणून तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि १९८२ पासून त्यांच्याकडून खेळला. बंदी उठल्यावर तो परत आला आणि दक्षिण आफ्रिकेचा कप्तान झाला.

म्हणजे कुणी शिकायला गेला, कुणाच्या देशाचे दोन तुकडे झाले, कुणी खेळायला मिळावे म्हणून गेला, आणि ट्रायकॉसच्या देशाचे नाव बदलले. कारण बघितल्याशिवाय कुणाला 'फितूर' म्हणू नये.

आता हे सगळे मी का लिहिले ते सांगते. आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. येत्या जूनमध्ये आपण सगळे पाचवीला मोठ्या गावच्या शाळेत जाणार. ज्या शाळेने आपल्याला डिसेंबरमध्ये खो-खोत हरवले आणि वर चिडवले, त्याच शाळेत. म्हणून आपल्या वर्गातल्या काही जणांनी पिंपळाखाली शपथ घेतली आहे की तिकडे गेलो तरी त्यांच्या संघात कधी खेळायचे नाही. मलाही शपथ घ्या म्हणाले. मी घेतली नाही. म्हणून तीन जणी माझ्याशी बोलत नाहीत.

मैत्रिणींनो, आपण वाडी सोडून चाललो नाही. संध्याकाळी परत घरीच येणार आहोत. शाळा इथे संपते हा आपला दोष नाही. आपण तिकडे मैदानाच्या कडेला नुसते बसून राहिलो तर त्यांचे काय बिघडेल? आपलेच पळणे विसरून जाईल. ट्रायकॉसने २२ वर्षे हात चालू ठेवला म्हणून त्याला ते ५ बळी मिळाले. रुसून घरी बसला असता तर त्याचे नाव आज या भिंतीवर आले नसते.

आणि पालकांना एक विनंती. मोठ्या गावची शाळा तीन किलोमीटर लांब आहे म्हणून काही मुलींना पाचवीला पाठवायचे की नाही असे घरात बोलणे चालले आहे. मला माहीत आहे, कारण आमच्याही घरात चालले आहे. आम्ही वाडीतल्या आठ मुली आहोत. आठही जणी मिळून गेलो तर वाट लांब वाटणार नाही. रांगेत उभेच राहू दिले नाही तर आम्ही कशा खेळतो हे कुणालाच कळणार नाही. तुम्ही आम्हाला पाठवा.

जूनमध्ये पहिल्याच दिवशी मी तिथल्या खेळाच्या सरांना विचारणार आहे की वाडीच्या मुलींना खो-खोच्या संघात घ्याल का. माझ्याबरोबर विचारायला कोण कोण येणार, त्यांनी या कागदाच्या खाली पेन्सिलने आपले नाव लिहावे. जागा सोडली आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!